अक्षराचा नंबर चुकतोय? आधी कितीने चुकतोय ते बघा

ए दिला की १ यायला पाहिजे आणि येतोय ३३. नाहीतर शून्य. नाहीतर उणे ५४, आणि उणे ५४ दिसला की पोरं सरळ कंपायलरच काढून परत टाकतात. अक्षराचा नंबर करायचा हा विषय दर सेमिस्टरला उगवतो, नाशिकच्या कॉलेज रोड गंगापूर रोडच्या क्लासमधली पोरं प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री विचारतात, आणि अंबड सातपूरला जे एकटेच बसून वर्कशॉपचं बिलिंग, पार्ट नंबर असले प्रोग्राम लिहितात ते वर्षभर विचारतात, आणि सगळ्यांचा मेसेज तोच, "आउटपुट चुकीचं येतंय". अहो चुकीचं येतंय ते समजलं, पण कितीने चुकतंय? आलेल्या आकड्यातून हवा होता तो आकडा वजा करा आणि काय उरतं ते सांगा, कारण या प्रकारात निम्म्याहून जास्त वेळा त्या फरकावरूनच कळतं की घोळ कुठाय, कोड बघायचीसुद्धा गरज पडत नाही.

कॉम्प्युटरकडे अक्षर असं काही नसतंच, आकडाच असतो. इंग्रजी अक्षरांचे आकडे आस्की नावाच्या तक्त्यातून आलेत, कॅपिटल ए ६५ आणि झेड ९०, स्मॉल ए ९७ आणि झेड १२२, शून्य ते नऊ हे अंक ४८ ते ५७, स्पेस ३२, आणि एंटर मारल्यावर पडणारं नवीन ओळीचं चिन्ह १०. एवढे आकडे पाठ असले तरी पुष्कळ. ए ला १ पाहिजे म्हणून सगळे ६४ वजा करतात, ते बरोबरच आहे, फक्त आत काय येतंय ते कोणी बघत नाही.

फरक ३२ असेल, म्हणजे १ च्या जागी ३३, २ च्या जागी ३४, असं चाललं असेल तर आत स्मॉल अक्षर आलंय, विषय संपला. आस्की १९६३ ला आला तेव्हा त्यात स्मॉल अक्षरं नव्हतीच, ती १९६७ च्या आवृत्तीत बसवली आणि बरोब्बर ३२ च्या अंतरावर बसवली, म्हणजे एकच बिट बदलला की कॅपिटलचं स्मॉल होतं. त्यामुळे आधी सगळं कॅपिटल करून घ्या, पायथनमध्ये अपर, सी मध्ये टूअपर, जावास्क्रिप्टमध्ये टूअपरकेस, आणि मगच वजाबाकी. इथं अजून एक चूक हमखास सापडते, "कॅपिटल ए पासून स्मॉल झेडपर्यंत काही असलं तरी ते अक्षरच" अशी एकच अट टाकतात. ९१ ते ९६ मध्ये सहा चिन्हं बसलीयत, चौकोनी कंस, उलटी तिरकी रेघ, अंडरस्कोर वगैरे, ती सगळी अक्षर म्हणून आत येतात. रेगेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात) तर हे इतकं दिसतं की काय सांगू, आणि कोणाच्या पासवर्डमध्ये अंडरस्कोर येईपर्यंत पकडलंही जात नाही.

फरक १ असेल तर तुम्ही ६५ वजा केलेत आणि ६४ पाहिजे होते, किंवा उलटं. हे हसण्यावारी नेतात लोक, पण सीझर सायफर (अक्षरं सरकवून गुप्त मजकूर करायचा प्रकार) करताना इथंच मार खातात. अक्षर तीन घरं पुढं सरकवायचं आणि झेडनंतर परत ए ला यायचं तर २६ ने मॉड्युलो (भागून उरलेली बाकी) घ्यावा लागतो, आणि मॉड्युलो शून्यापासून मोजतो, म्हणून तिथं ए शून्य पाहिजे. १ पासून मोजलंत तर झेडच्या घरात पडणारं अक्षर २६ मॉड्युलो २६ म्हणजे शून्य होतं आणि छापताना ६४ म्हणजे ॲट द रेटचं चिन्ह येतं. मजकुरात अधूनमधून ॲट द रेट दिसायला लागलं की समजा हेच झालंय. क्रम असा ठेवा, ६५ वजा, मग सरकवणं, मग २६ चा मॉड्युलो, मग ६५ परत मिळवा.

आणि उलटं सोडवताना, म्हणजे डिक्रिप्ट करताना, पायथनवाल्याचं बरोबर येतं आणि शेजारी बसलेल्या सी वाल्याचं चुकतं, लॉजिक तेच असताना. कारण उणे ३ चा २६ ने मॉड्युलो पायथन २३ देतो आणि सी, जावा, जावास्क्रिप्ट हे तिघं उणे ३ च देतात. तिथं मॉड्युलोच्या आधी २६ मिळवून घ्यायचे, एवढंच (सरकवणं २६ च्या आतलं धरून). मित्राचा पायथन कोड बघून जावात उतरवला की हे होतंच, उतरवा खुशाल, फक्त उणे आकड्याचं तेवढं बघा.

फरक ४८ म्हणजे अंक. ५ टाइप केला आणि हिशोबात ५३ आला, तर तुम्ही ५ ही किंमत धरताय आणि मशीन ५ हे चिन्ह धरतंय. सी आणि जावात चिन्हातून कोटमधलं शून्य वजा करायचं, आकडा ४८ लिहायचा नाही, कोटमधलं शून्यच लिहायचं, वाचणाऱ्याला कळतं तरी. सी चं स्टँडर्ड अंकांबद्दल हमी देतं की ते सलग असतील, अक्षरांबद्दल देत नाही, आणि ते उगाच नाही, आयबीएमच्या मेनफ्रेमवर एबसिडिक नावाचा वेगळा तक्ता चालतो त्यात आय २०१ वर आणि जे एकदम २०९ वर आहे. मेनफ्रेमवर काम करायला जाणार नसाल तर सोडून द्या, पण व्हायव्हाला विचारतात कधीकधी.

जावास्क्रिप्टवाल्यांचा ४८ पेक्षा वेगळाच त्रास, तिथं कोटमधला ५ अधिक १ केलं की ५१ येतात कारण अधिक म्हणजे जोडणे. इनपुट बॉक्समधून आलेलं सगळं टेक्स्ट असतं, आधी नंबर फंक्शनमधून काढा. आणि यादीवर मॅप (यादीतल्या प्रत्येकाला तेच फंक्शन लावणारा) लावून त्यात नुसतं पार्सइंट (टेक्स्टचा आकडा करणारं फंक्शन) टाकू नका, १, २, ३ दिले तर १ येतो आणि पुढचे दोन नॅन (म्हणजे आकडाच नाही) येतात, कारण मॅप सोबत जागेचा नंबरही पाठवतो आणि पार्सइंट त्याला बेस समजतो. सी मधल्या एटूआयचं (तेही टेक्स्टचा आकडा करणारं) तर विचारूच नका, अक्षर दिलं तरी गुपचूप शून्य देतो, त्यामुळे खरा शून्य आला की चूक झाली हे कळायला मार्गच नाही, एसटीआरटूएल वापरा, त्यात कुठपर्यंत वाचलं ते तरी कळतं.

आता उणे ५४. हा सी शिकणाऱ्यांचा लाडका. दहा वजा चौसष्ट, उणे चोपन्न, म्हणजे तुमच्या फॉर्म्युल्यात अक्षर गेलंच नाही, आधीच्या इनपुटनंतर दाबलेलं एंटर गेलं. आधी नंबर विचारला, माणसानं ५ टाइप करून एंटर मारलं, स्कॅनएफनं (सी चं इनपुट घेणारं फंक्शन) ५ घेतला आणि एंटर तिथंच सोडलं, पुढच्या पर्सेंट सी नं (एक अक्षर वाचायची खूण) ते उचललं. पर्सेंट सी च्या आधी कोटमध्ये एक स्पेस द्या, झालं. उरलेलं इनपुट उडवायला एफफ्लश एसटीडीइन करा असं कोणी सांगेल, इनपुटवर ते काय करेल हे सी नं ठरवलेलंच नाही, एका लॅबमध्ये चालतं आणि दुसरीकडं नाही, मग परीक्षेत बोंब. उणे ५१ आलं तर ते १३ आहे, विंडोजवर बनवलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी १३ आणि १० असे दोन असतात. उणे ३२ म्हणजे स्पेस. आणि ९६ आले तर ते १६०, ती वेबपेजवरून किंवा वर्डमधून कॉपी करताना येणारी न तुटणारी स्पेस, दिसायला स्पेसच पण नव्हे. हे सगळं एका ट्रिमनं (दोन्ही टोकांच्या स्पेस काढणारं फंक्शन) जातं, म्हणजे पायथनचा स्ट्रिप १६० सुद्धा काढतो, जावाचा ट्रिम मात्र काढत नाही.

पायथनमध्ये अक्षराचा आकडा देणारं ऑर्ड फंक्शन "एकच कॅरॅक्टर पाहिजे होतं, अमुक लांबीचं स्ट्रिंग मिळालं" म्हणून भांडतं, तेव्हा पूर्ण शब्द आत दिलेला असतो. लूप लावा. त्यात काही नाही.

फरक ९ असेल तर मला लगेच वाटतं की जीएसटी नंबर तपासायचा प्रोग्राम चालू असणार, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं. लासलगाव पिंपळगावच्या कांद्यावाल्यांची नाहीतर द्राक्षवाल्यांची यादी, कोणीतरी मोबाइलवर टाइप केलेली, त्यातले चुकीचे नंबर शोधायचेत असं काम असतं. जीएसटी नंबर १५ घरांचा, पहिले दोन राज्याचे, आपले २७, मग दहा घरं पॅन, मग एक घर नोंदणी कितवी ते, मग साधारण झेड, आणि पंधरावं तपासणीचं अक्षर. ते काढायला प्रत्येक घराची ३६ च्या बेसमधली किंमत लागते, अंक जसेच्या तसे ० ते ९ आणि ए म्हणजे १०, झेड म्हणजे ३५. लोक सवयीनं ६४ वजा करतात, ए ची किंमत १ होते, म्हणजे ए आणि अंक १ दोघं सारखेच, प्रत्येक अक्षर ९ ने कमी, आणि मग बरोबर नंबरसुद्धा चूक दाखवतो. अक्षरातून ५५ वजा करायचे, अंकातून ४८.

पुढचं गणित पण सांगून टाकतो कारण तिथंही अडकतात. पहिल्या घराला १ ने गुणायचं, दुसऱ्याला २ ने, परत १, परत २, असं चौदाव्या घरापर्यंत. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी दोन्ही मिळवायचे, म्हणजे चौदाव्या घरातला झेड, ३५ गुणिले २, ७०, भागाकार १ आणि बाकी ३४, बेरीज ३५. सगळ्यांची बेरीज ३६ ने भागून बाकी काढायची, ती ३६ मधून वजा, ३६ च उरले तर शून्य, आणि त्या आकड्याचं परत अक्षर. गुणायला २ पासून सुरुवात केली की सगळं बोंबलतं. यादीत कधीकधी शून्याच्या जागी ओ टाइप केलेला असतो, ओ ची किंमत २४, तो इथं पकडला जातो आणि त्यासाठीच तर हे अक्षर ठेवलंय. वजाबाकीचा कंटाळा असेल तर पायथनचं इंट अक्षराबरोबर ३६ दिलं की आपोआप १० ते ३५ देतं, जावास्क्रिप्टचं पार्सइंटही, आणि जावात कॅरॅक्टरचं गेटन्युमरिकव्हॅल्यू, तिघांनाही स्मॉल कॅपिटल सारखंच.

एच पर्यंत बरोबर आणि जे पासून १ ने चुकतंय? तर ते अक्षर इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं रिव्हिजन आहे. अंबडच्या व्हेंडरकडं हे येतंच. ड्रॉइंगच्या रिव्हिजनमध्ये आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड गाळायची पद्धत आहे, १ आणि ० सारखी दिसतात वगैरे म्हणून, मग एच नंतर सरळ जे. इथं वजाबाकीचा फॉर्म्युला लावायचाच नाही, वापरात असलेली वीस अक्षरं एका स्ट्रिंगमध्ये ओळीनं लिहा आणि त्यात कितव्या जागेवर सापडतं ते घ्या. सापडलं नाही तर चूक आहे हेही फुकटात कळतं. गाड्यांच्या सतरा घरांच्या चॅसिस नंबरमध्येही आय, ओ, क्यू नसतात.

एक्सेलच्या कॉलमचं वेगळं. ए १, झेड २६, एए २७, आणि शेवटचा कॉलम एक्सएफडी म्हणजे १६३८४. आतापर्यंतच्या उत्तराला २६ ने गुणायचं आणि नवीन अक्षराचा नंबर मिळवायचा, डावीकडून उजवीकडं. एक्स २४, गुणिले २६ अधिक एफ चे ६ म्हणजे ६३०, परत गुणिले २६ अधिक डी चे ४ म्हणजे १६३८४. इथं शून्य नावाचं अक्षरच नाही, म्हणून उलटं जाताना, नंबरवरून कॉलम काढताना, दर फेरीला आधी १ वजा केल्याशिवाय झेडवर गाडी अडते.

मराठीवर येऊ, कारण हल्ली पोरं मराठी नावांवर हे चालवतात आणि इंग्रजीचे फरक तिथं लागू होत नाहीत. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांचा मिळून एक तक्ता) देवनागरीला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं दिलीत, क २३२५ वर आहे. मग २३२४ वजा केले की क १, ख २, असं येणार असं वाटतं आणि न पर्यंत येतंही, न २०. पण प २२ येतो. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास क ते म ला १ ते २५ किंमत दिली होती, त्यात प २१ आणि म २५, आणि तोच हिशोब पायथनमध्ये करायला गेलं की म २६ येतो, कारण न आणि प च्या मध्ये नुक्ता (खाली टिंब) दिलेला ऩ बसलाय, दक्षिणेकडच्या लिप्या देवनागरीत लिहायला ठेवलेला. र नंतर ऱ आहे म्हणून ल दोनने चुकतो. आणि ल नंतर लगेच आपला ळ आणि नुक्त्याचा ऴ आहेत, म्हणून व पासून ह पर्यंत सगळे चारने पुढं. शाळेतल्या तक्त्यात ळ ह च्या नंतर, म्हणजे ३४ वा, इथं तो ३१ येतो, उलट्या दिशेनं चूक. म्हणून मराठीला वजाबाकी नाहीच, ड्रॉइंगच्या रिव्हिजनसारखीच आपली वर्णमाला ओळीनं लिहायची आणि जागा शोधायची.

त्या ओळीत क्ष आणि ज्ञ टाकू शकत नाही हे पण लक्षात घ्या, म्हणजे स्ट्रिंगमध्ये टाकू शकत नाही, यादी किंवा डिक्शनरी लागते, कारण क्ष हे एक अक्षर नाही, क, हलन्त आणि ष अशी तीन घरं आहेत. ऑर्डला क्ष दिलं की लांबी ३ म्हणून एरर. नाशिक या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतं, काना आणि वेलांटी वेगळ्या मोजून, आणि त्र्यंबकची ८. सी चा एसटीआरलेन नाशिकला १५ म्हणतो कारण तो बाइट मोजतो आणि यूटीएफ ८ मध्ये (युनिकोडचे आकडे बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक घर तीन बाइटचं. त्याच सी मध्ये अ चा नंबर छापला तर लॅपटॉपवर उणे ३२, उणे ९२, उणे १२३ असे तीन आकडे येतात आणि तोच कोड मोबाइलच्या ॲपवर २२४, १६४, १३३ देऊ शकतो. दोन्ही तेच बाइट, कॅर (सी मधला अक्षर ठेवायचा प्रकार) उणे धरायचं की नाही ते सी नं कंपायलरवर सोडलंय. अनसाइन्ड कॅर लिहा म्हणजे वाद नको.

मराठी अंक मात्र गमतीशीर आहेत, इंग्रजी ५ च्या जागी देवनागरी ५ दिला तर पायथनचं इंट आणि जावाचं पार्सइंट दोघंही निमूट घेतात, जावास्क्रिप्ट नॅन देतं. तिथं २४०६ वजा करा, शून्य २४०६ वर आहे. पायथनमध्ये तपासायला इजडिजिट नको, इजडेसिमल वापरा, वर्गाचा छोटा २ इजडिजिटला चालतो आणि इंटला चालत नाही, मग प्रोग्राम पडतो.

दिसायला तेच आणि आकडे वेगळे हा मराठीतला सगळ्यात डोकं खाणारा प्रकार. ॲ एका घरात लिहिता येतो, २४१८, आणि अ वर चंद्र देऊन दोन घरांतही, २३०९ आणि २३७३. "दऱ्या" मधला र काही कीबोर्ड ऱ घेऊन लिहितात आणि काही साधा र, हलन्त आणि ८२०५ नंबरचा अदृश्य जोडक घेऊन. शोध लावला की निम्म्या ओळी सापडत नाहीत. नॉर्मलायझेशन (वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं तयार काम) करून हे एक होईल असं वाटतं पण होत नाही, ॲ चं तर नाहीच, आपणच एक रूप ठरवून बाकीची त्यात बदलून घ्यावी लागतात, आणि तुलनेच्या आधी ८२०४ (अक्षरं जुळू न देणारा अदृश्य तोडक) व ८२०५ कसे हाताळायचे तेही ठरवावं लागतं, सरसकट उडवले तर "र्‍या" चा "र्या" होतो.

एक्सेलमध्ये मराठी अक्षराला कोड फंक्शन लावलं की क ला ६३, ख ला ६३, सगळ्यांना ६३. ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह, कोड फंक्शनला युनिकोड कळत नाही, त्याला २०१३ पासून युनिकोड नावाचंच वेगळं फंक्शन आहे. आणि कुठल्याही भाषेत ६५५३३ दिसला तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगनं उघडलीय, पहिल्याच अक्षराच्या आधी ६५२७९ असेल तर ती नोटपॅडसारख्या एडिटरनं फाइलीच्या सुरुवातीला लावलेली खूण, पायथनमध्ये उघडताना यूटीएफ ८ सिग दिलं की जाते.

शेवटचा प्रकार, मेन रोड रविवार कारंजा भागात जुन्या छपाईवाल्यांकडून फाइल आली की हमखास. स्क्रीनवर शुद्ध मराठी, आणि आकडे छापले तर बहुतेक सगळे २५५ च्या आतले, २३०० च्या आसपासचा एकही नाही. ते श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टचं टायपिंग, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड आहेत आणि फॉन्ट त्यावर मराठी चित्रं दाखवतो, फॉन्ट बदला की नुसता इंग्रजी कचरा. तुमच्या प्रोग्राममध्ये काही चूक नाही, कितीही वजाबाक्या करा काही होणार नाही. कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केलंय ते आधी विचारून घ्या, कारण प्रत्येकाचा तक्ता वेगळा, मग त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरनं युनिकोड करा, आणि झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर येते, रफार तिथं अक्षरानंतर आणि इथं आधी, त्यामुळे कन्व्हर्टर हुकला तर याच दोन जागी हुकतो.